सायकलीचा मागील दिवा : अल्प खर्चात योग्य निवड व त्यावर आधारित पाठ

दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू होते, त्या सुमारास ग्रामीण भागात तीन गोष्टी एकदम घडून येतात. दिवस लहान होतो. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होऊन उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर व ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर येतात. आणि याच काळात शिष्यवृत्ती परीक्षेच्या जादा वर्गांमुळे वा खेळाच्या सरावामुळे मुले शाळेतून उशिरा घरी निघतात. नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत रस्त्यावरील माणूस ओळखू येईनासा होतो. वाडी-वस्तीवरून दोन-तीन किलोमीटर सायकलीने येणाऱ्या मुलाचा परतीचा प्रवास नेमका या वेळेत सापडतो.

अशा मुलाच्या सायकलीस मागे दिवा असतो काय, हे शिक्षकबंधुभगिनींनी एकदा पाहावे. शाळाभेटीच्या वेळी आवारातील सायकली न्याहाळल्या असता असे दिसून येते की घंटी बहुतेकांस असते, ब्रेक बऱ्याच जणांचे चालतात, परंतु मागील दिवा क्वचितच आढळतो. तो नसण्याचे कारण केवळ दारिद्र्य नव्हे. ज्या पालकाने सायकलीस रंगीत झालरी आणि शोभेची फुले लावून दिली आहेत, त्यानेही मागील दिवा घेतलेला नसतो. याचे कारण त्या दिव्याच्या स्वरूपातच आहे. पुढील दिव्याचा उपयोग स्वार स्वतः अनुभवतो, त्यास खड्डा दिसतो, दगड दिसतो. मागील दिव्याचा उपयोग स्वारास कधीच दिसत नाही. तो मागून येणाऱ्यासाठी असतो, आणि त्याने आपले काम चोख बजावले म्हणजे काहीच घडत नाही. ज्या खर्चाचे फळ डोळ्यांना दिसत नाही तो खर्च मनुष्य पुढे ढकलतो. म्हणूनच ही गोष्ट शाळेने शिकवावयास हवी.

प्रस्तुत लेखात प्रथम या दिव्याची आवश्यकता अंकांनी दाखविली आहे, नंतर बाजारात मिळणाऱ्या प्रकारांचे गुणदोष, खर्चाचा हिशेब व बसविण्याची रीत सांगितली आहे, आणि अखेरीस उच्च प्राथमिक वर्गांसाठी पाठाची रूपरेषा दिली आहे.

१. अंतर, वेग व वेळ

मागून येणारे वाहन ताशी ६० किलोमीटर वेगाने येत आहे असे धरू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे १६.७ मीटर. समोर काही आहे हे चालकाच्या ध्यानात येऊन त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो असे मानल्यास तेवढ्यात वाहन २५ मीटर पुढे गेलेले असते. त्यानंतर ब्रेक लागून वाहन थांबते. कोरडा डांबरी रस्ता व चांगले ब्रेक असून प्रत्येक सेकंदास वेग ५ मीटरांनी घटतो असे धरल्यास थांबण्यासाठी आणखी सुमारे २८ मीटर लागतात. एकूण अंतर ५३ मीटर झाले. याच रीतीने ताशी ४० किलोमीटर वेगास सुमारे २९ मीटर, तर ताशी ८० किलोमीटर वेगास सुमारे ८३ मीटर लागतात. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेस आणावी : वेग दुप्पट झाला असता थांबण्याचे अंतर दुप्पट न होता जवळजवळ तिप्पट झाले आहे. रस्ता ओला असल्यास वा ट्रॉलीत ऊस भरलेला असल्यास हे अंतर आणखी वाढते.

आता दुसऱ्या बाजूने विचार करू. मुलाची सायकल ताशी १२ किलोमीटर वेगाने त्याच दिशेने चालली आहे. म्हणजे वाहन व सायकल यांतील अंतर ताशी ४८ किलोमीटर, अर्थात सेकंदास सुमारे १३.३ मीटर या वेगाने कमी होत आहे. गडद रंगाच्या स्वेटरातील मूल वाहनाच्या खाली वळविलेल्या झोतात ३० मीटरांवरून दिसले असे धरल्यास चालकाच्या हाती सव्वादोन सेकंद उरतात. त्यांपैकी दीड सेकंद तर समजण्यातच जातो. तेच मूल तांबड्या दिव्यामुळे १५० मीटरांवरून दिसले, तर चालकास अकरा सेकंद मिळतात. अकरा सेकंदांत बेताचा चालकही वेग कमी करून बाजूने जाऊ शकतो. मागील दिव्याने विकत मिळते ते हे नऊ सेकंद होत.

२. तांबडाच रंग का ?

पुढे पांढरा व मागे तांबडा हा संकेत जगभर पाळला जातो. त्यायोगे दुरून दिसणारी गाडी आपल्याकडे येत आहे की आपल्यापुढे चालली आहे, हे चालकास क्षणात कळते. हौसेने मागे पांढरा, निळा वा हिरवा दिवा लावणे म्हणूनच दिवा न लावण्याइतकेच घातक ठरू शकते, कारण मागे पांढरा दिवा पाहणारा मनुष्य समोरून गाडी येत आहे असे समजून चुकीच्या बाजूस वळेल. बाजारात अनेक रंगांत लुकलुकणारे दिवे मिळतात. मुलांना ते आवडतात. त्यांस चाकांच्या आऱ्यांत शोभेसाठी जागा असेल, पण मागील दिव्याच्या ठिकाणी नाही.

३. उपलब्ध साधने

(अ) परावर्तक. नव्या सायकलीच्या मागील मडगार्डावर तांबडा परावर्तक व पायडलांवर पिवळे परावर्तक बहुधा बसविलेले असतात. यास सेल लागत नाही. परावर्तकाच्या पाठीमागील बाजूस असंख्य बारीक कोपरे असून प्रत्येक कोपऱ्यात तीन पृष्ठे परस्परांशी काटकोनात असतात. अशा कोपऱ्यावर पडलेला प्रकाश कोणत्याही बाजूने आला तरी आला त्याच दिशेस परत जातो. इ. स. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेला परावर्तक याच तत्त्वावर बनविलेला आहे. पृथ्वीवरून सोडलेला लेसर किरण त्यावर आपटून परत येतो व त्यावरून चंद्राचे अंतर मोजले जाते. मुलांच्या सायकलीवरील चार-पाच रुपयांची वस्तू आणि चंद्रावरील उपकरण यांचे तत्त्व एकच आहे, ही गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे.

परावर्तकाची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. त्याच्यावर प्रकाश पडेल तरच तो उजळतो. मागच्या वाहनाचा दिवा बंद असेल, एकच दिवा चालू असेल, काच चिखलाने माखली असेल किंवा वाहन वळणावरून येत असेल, तर परावर्तक मुका राहतो. बैलगाडीस तर दिवाच नसतो. म्हणून परावर्तक हा पाया होय. त्यावर दिवा हवाच.

(आ) परावर्तक पट्टी. हिला आपल्याकडे सर्रास ‘रेडियम’ म्हणतात. हे नाव चुकीचे आहे, हे शिक्षकांनी ध्यानी घ्यावे. रेडियम हे मूलद्रव्य इ. स. १८९८ मध्ये मारी व पिएर क्यूरी यांनी शोधले. पूर्वी घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियममिश्रित रंग लावीत व ते आकडे अंधारात आपोआप उजळत. या पट्टीत रेडियम नसते व ती आपोआप उजळतही नाही. तीत काचेचे सूक्ष्म मणी किंवा वर वर्णिलेले कोपरे असतात. मोटारसायकलींच्या नंबरपाट्या करणाऱ्या दुकानात तिचे उरलेले तुकडे अत्यल्प किमतीत मिळतात. मागील मडगार्डावर तांबडी पट्टी व दप्तराच्या पाठीवर एक आडवी पट्टी लावल्यास फार उपयोग होतो. मात्र पुढील बाजूस तांबडी पट्टी लावू नये.

(इ) डायनॅमो. मागील चाकाच्या टायरवर घासून फिरणारा डायनॅमो ६ व्होल्टचा व ३ वॅटचा असे. त्यातील २.४ वॅट पुढील दिव्यास व ०.६ वॅट मागील दिव्यास मिळत. सेलचा खर्च नसणे हा याचा मोठा गुण होय. परंतु सायकल थांबली की दिवा विझतो, आणि काट्यावर वा पुलावर थांबलेल्या सायकलीस दिव्याची गरज अधिकच असते. शिवाय पुढील बल्ब जळाला की सगळा भार मागील बल्बवर येऊन तोही जळतो. नित्य रात्री प्रवास करणाऱ्या प्रौढांस डायनॅमो उपयुक्त आहे. मुलांसाठी आता त्याहून सोयीची साधने आहेत.

(ई) एलईडीचे दिवे. प्रकाश देणाऱ्या या अर्धवाहक घटकाचा तांबडा प्रकार निक होलोन्याक यांनी इ. स. १९६२ मध्ये सिद्ध केला. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेही याच वर्षी. तारेचा बल्ब आपल्या विजेचा फार मोठा भाग उष्णतेत घालवितो. त्यातून निघालेल्या पांढऱ्या प्रकाशातील इतर सर्व रंग तांबडी काच शोषून घेते व उरलेला थोडा प्रकाश बाहेर पडतो. तांबडा एलईडी मुळातच तांबडा प्रकाश देतो. त्यामुळे अत्यल्प विजेवर तो दुरून दिसतो. पडल्याने तार तुटण्याची भीती त्यास नाही, ही आपल्या मुरमाच्या रस्त्यांसाठी मोठी सोय होय.

हे दिवे विजेच्या साठ्यावरून तीन प्रकारांत पडतात : बटण सेलवर चालणारे, बारीक पेन्सिल सेलवर चालणारे, आणि मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होणारे.

४. स्वस्त म्हणजे काय ? खर्चाचा हिशेब

दुकानात ज्याची किंमत कमी तो दिवा स्वस्त, असे पालकांस वाटते. हे खरे की खोटे ते गणिताने ठरवावे. पुढील किमती केवळ हिशेबासाठी घेतल्या आहेत. प्रत्येक शाळेने आपल्या बाजारपेठेतील किमती घालून हाच हिशेब पुन्हा करावा.

पहिला दिवा : किंमत ६० रुपये, बटण सेलवर चालतो, सेलचा संच ५० रुपयांस मिळतो व २० तास चालतो.
दुसरा दिवा : किंमत १२० रुपये, दोन बारीक पेन्सिल सेलवर चालतो, सेलची जोडी ४० रुपयांस मिळते व ५० तास चालते.
तिसरा दिवा : किंमत ३०० रुपये; चार्ज होणारा; एकदा चार्ज केल्यावर १० तास चालतो.
(पहिल्या दोन दिव्यांबरोबर सेल मिळत नाहीत असे धरावे.)

मुलगा वर्षातून १०० दिवस रोज अर्धा तास अंधारात सायकल चालवितो असे धरू. वर्षाचे ५० तास व तीन वर्षांचे १५० तास झाले.

पहिल्या दिव्यास १५० तासांसाठी आठ संच लागतील. त्यांचे ४०० रुपये व दिव्याचे ६० मिळून ४६० रुपये होतात. दुसऱ्यास तीन जोड्या, म्हणजे १२० रुपये, व दिव्याचे १२० मिळून २४० रुपये होतात. तिसऱ्यास पंधरा वेळा चार्ज करावे लागेल. एका वेळेस ४ वॅट-तास वीज लागते असे धरले तरी एकूण ६० वॅट-तास होतात. १,००० वॅट-तासांचे एक युनिट असल्याने हा खर्च एका रुपयाच्याही आत राहतो. म्हणजे एकूण खर्च ३०० रुपये.

तात्पर्य असे की, दुकानात सर्वांत स्वस्त दिसणारा दिवा तीन वर्षांत सर्वांत महाग पडला आणि मधला सर्वांत स्वस्त ठरला. परंतु येथेच थांबू नये. एखादी मुलगी वर्षातून २५० दिवस रोज एक तास अंधारात जात-येत असेल, तर तीन वर्षांचे ७५० तास होतात. दुसऱ्या दिव्यास पंधरा जोड्या लागून खर्च ७२० रुपयांवर जातो. तिसऱ्याचा तीनशेच्या आसपासच राहतो. दोहोंचा खर्च सारखा केव्हा होतो ? दुसऱ्या दिव्याचा सेलखर्च १८० रुपये होईल तेव्हा, म्हणजे २२५ तासांनंतर. त्याहून कमी वापर असणाऱ्याने सेलचा व अधिक वापर असणाऱ्याने चार्जिंगचा दिवा घ्यावा. कोणता दिवा स्वस्त, हे दिवा ठरवीत नाही, वापर ठरवितो.

या हिशेबात न बसणाऱ्या दोन गोष्टी शिक्षकांनी जोडाव्या. चार्जिंगच्या दिव्यातील बॅटरी बहुधा बदलता येत नाही आणि काही वर्षांनी ती जुनी होऊन दिवा लवकर विझू लागतो. तसेच वस्तीवर वीज वारंवार जात असेल, तर ऐन वेळी दिवा चार्ज नसण्याची शक्यता असते. गावातील किराणा दुकानात पेन्सिल सेल मिळतो. सोय म्हणून ही गोष्ट लहान नाही.

५. बटण सेलविषयी इशारा

बटण सेलचे दिवे महाग पडतात एवढेच नव्हे, तर लहान मुलांच्या घरात ते धोक्याचे आहेत. नाण्याच्या आकाराचा हा ३ व्होल्टचा लिथियम सेल मुलाने गिळला व तो अन्ननलिकेत अडकला, तर ओल्या ऊतींतून वीज वाहू लागून दोन तासांच्या आत तेथे भाजल्यासारखी खोल जखम होऊ शकते. बाहेरून कधीकधी केवळ लाळ गळणे, खोकला वा न जेवणे एवढेच दिसते. असा संशय येताच ओकारी काढण्याचा प्रयत्न न करता मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे व सेल गिळल्याचे स्पष्ट सांगावे. ज्या दिव्याचे सेलचे झाकण स्क्रूविना नखाने उघडते, असा दिवा घेऊ नये. वापरलेले बटण सेल दोन्ही बाजूंस चिकटपट्टी लावून मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावे. ही सूचना पालकसभेत आवर्जून वाचून दाखवावी.

६. खरेदी करताना पाहावयाच्या गोष्टी

(१) दिवा दुकानाच्या काउंटरवर न पाहता दुसऱ्याच्या हाती देऊन रस्त्यावर पन्नास पावलांवरून पाहावा. जवळून सर्वच दिवे डोळे दिपवितात.
(२) सरळ मागून पाहिल्यावर दोन्ही बाजूंनी तिरके जाऊन पाहावे. काही दिव्यांचा झोत इतका अरुंद असतो की चार पावले बाजूस सरताच दिवा नाहीसा होतो. रस्ता नेहमी सरळ नसतो.
(३) दिवा स्थिर व लुकलुकता अशा दोन्ही रीतींनी चालावा. लुकलुकणारा दिवा लक्ष चटकन वेधतो, परंतु अंधाऱ्या रस्त्यावर त्याचे अंतर अजमावणे कठीण जाते. जर्मनीत सायकलीवर लुकलुकणाऱ्या दिव्यास बंदी आहे, ब्रिटनमध्ये इ. स. २००५ पासून तो चालतो. यावरून दोन्ही बाजूंस तथ्य आहे हे दिसते. संधिप्रकाशात वा गर्दीच्या बाजारपेठेत लुकलुकता आणि निर्जन अंधाऱ्या रस्त्यावर स्थिर, असा वापर ठेवावा.
(४) सेलच्या झाकणास रबरी कडी आहे काय ते पाहावे. पावसाळ्यात पाणी आत गेल्यास संपर्काच्या पट्ट्या गंजतात.
(५) रबरी पट्ट्याने अडकविलेला दिवा धक्क्यांनी हळूहळू वळतो व उन्हाने रबर तुटते. नटबोल्टाने वा स्क्रूने आवळता येणारा दिवा घ्यावा.
(६) प्रखर दिवा म्हणजे चांगला दिवा नव्हे. मागून येणाऱ्या सायकलस्वाराचे वा पादचाऱ्याचे डोळे दिपविणारा दिवा टाळावा.

७. दिवा कोठे बसवावा ?

बाजारातील पुष्कळसे दिवे सीटखालच्या नळीस बसविण्याजोगे असतात. ज्या सायकलींस कॅरिअर नसते त्यांच्यासाठी ही जागा ठीक आहे. आपल्या मुलांच्या सायकलीस कॅरिअर असते. त्यावर दप्तर असते, कधी वैरणीचा भारा, कधी धाकटे भावंड असते. दिवा सीटखाली असल्यास तो या सर्वांमागे झाकला जातो, आणि दिवा लावूनही मूल अदृश्य राहते. यासाठी दिवा कॅरिअरच्या अगदी मागील टोकास किंवा मागील मडगार्डावर बसवावा. जवळच परावर्तक असावा. पण दिव्याने परावर्तक झाकू नये. मुलींच्या ओढणीचे वा लोंबणाऱ्या दप्तराचे टोक त्यावर येत नाही याची खात्री करावी.

दिव्याचे तोंड जमिनीशी समांतर, सरळ मागे असावे. मडगार्डाच्या उतारामुळे तो पुष्कळदा आकाशाकडे वा जमिनीकडे वळलेला असतो. खाली रबराचा वा लाकडाचा लहान तुकडा पाचरीसारखा देऊन तो सरळ करावा. बसविल्यावर स्वारास सायकलीवर बसवून, दप्तर ठेवून, मागून ५३ मीटरांवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या सुमारे ७० पावलांवर, उभे राहून पाहावे.

निगा थोडी आहे. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने काच व परावर्तक पुसावा. जुना व नवा सेल एकत्र घालू नये. मे महिन्याच्या सुटीत सेल काढून ठेवावे, अन्यथा ते पाझरून दिवा निकामी होतो. दिवा मंद झाला की सेल ‘आणखी चार दिवस’ वापरू नये.

८. पाठाची रूपरेषा (इयत्ता सहावी ते आठवी, तीन तासिका)

हेतू : प्रकाशाचे परावर्तन, वेग-अंतर-काळ आणि काटकसर या तीन गोष्टी एका परिचित वस्तूच्या द्वारे समजावणे व स्वतःच्या सायकलीची तपासणी करण्याची सवय लावणे.

साहित्य : विजेरी, सायकलीचा जुना परावर्तक, रबरी चेंडू, मोजपट्टी, दोरी, तांबडा एलईडी, दोन पेन्सिल सेल, ५६ ओहमचा रोधक.

पूर्वज्ञान जागृती : “पुढचा दिवा कोणासाठी ? मागचा दिवा कोणासाठी ?” या दोन प्रश्नांनी पाठ सुरू करावा. उत्तरे मुलांकडूनच येऊ द्यावीत.

पहिली तासिका, परावर्तन. वर्गाच्या दोन भिंती जेथे काटकोनात मिळतात त्या कोपऱ्याकडे चेंडू जमिनीवरून तिरका लोटावा. दोन्ही भिंतींवर आपटून तो आला त्या दिशेस समांतर असा परत येतो. एकाच भिंतीवर तिरका लोटल्यास तो दुसरीकडे निघून जातो. यानंतर वर्ग अंधारा करून एका विद्यार्थ्याने विजेरी आपल्या डोळ्याजवळ धरून परावर्तकावर झोत टाकावा. त्यास परावर्तक पेटल्यासारखा दिसेल. बाजूस उभ्या असलेल्या मुलांस तो मंदच दिसेल. प्रकाश टाकणाऱ्याकडेच परत जातो, हे यातून मुले स्वतः शोधतील. शेवटी विजेरी विझवून विचारावे : “आता परावर्तक काय करील ?” दिव्याची आवश्यकता या प्रश्नातून सिद्ध होते.

दुसरी तासिका, वेग व अंतर. मैदानावर २९, ५३ व ८३ मीटरांच्या खुणा दोरीने मोजून कराव्या व प्रत्येक खुणेवर एक विद्यार्थी उभा करावा. फळ्यावरील अंकांपेक्षा ही उभी मुले अधिक बोलतात. नंतर प्रत्येक वेगाचे गणित मुलांकडून करवून घ्यावे.

तिसरी तासिका, वीज व खर्च. दोन सेलचे ३ व्होल्ट. तांबडा एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो. उरलेला १ व्होल्ट रोधकावर पडतो. १ भागिले ५६ म्हणजे सुमारे ०.०१८ अँपिअर प्रवाह वाहतो. एलईडीचा लांब पाय सेलच्या धन टोकाकडे येतो. उलट जोडल्यास तो लागत नाही, हेही करून दाखवावे. यात खर्च होणारी वीज सुमारे ०.०५४ वॅट, म्हणजे डायनॅमोच्या मागील बल्बच्या अकराव्या हिश्शाएवढी आहे. हे मंडल प्रयोगापुरतेच समजावे. भिंगाविना व जलरोधक आवरणाविना ते रस्त्यावरील दिव्याचे काम करणार नाही. यानंतर कलम ४ मधील हिशेब गावातील प्रत्यक्ष किमतींनी करवून घ्यावा.

उपयोजन : वर्गाने शाळेतील सायकलींची नोंदवही करावी. रकाने असे : विद्यार्थ्याचे नाव, घरापर्यंतचे अंतर, अंधारात प्रवास होतो किंवा नाही, परावर्तक, मागील दिवा, दिवा दप्तराने झाकला जातो काय, शेरा. ही तपासणी दिवाळीच्या सुटीनंतरच्या पहिल्या आठवड्यात व्हावी. यादीवरून ज्यांची गरज सर्वांत मोठी, अर्थात ज्यांचे अंतर अधिक व रस्ता ऊस वाहतुकीचा आहे, त्यांचा विचार शाळा व्यवस्थापन समितीपुढे प्रथम ठेवावा. डझनाने घेतल्यास दुकानदार किमतीत सूट देतो. मात्र कोणत्याही पालकावर सक्ती करू नये व दिवा नाही म्हणून कोणत्याही मुलास वर्गात उभे करू नये. ज्याच्याकडे दिवा नाही त्याने परावर्तक पट्टी लावावी व अंधार पडण्यापूर्वी घरी पोचेल अशा बेताने त्यास शाळेने सोडावे. जादा वर्गाची वेळ ठरविणे हे आपल्या हाती आहे. सूर्यास्ताची वेळ नाही.

आज आपल्यापैकी बहुतेक शिक्षक मोटारसायकलीने शाळेत ये-जा करतात. त्यामुळे मागून येणाऱ्या चालकास मूल कसे दिसते, हे पाहण्याची संधी आपल्याला रोज मिळते. एखाद्या संध्याकाळी परतताना आपल्याच शाळेतील मूल किती अंतरावरून दिसले, ते पावलांत मोजून दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावे. पुस्तकातील कोणत्याही उदाहरणापेक्षा तो आकडा मुलांच्या अधिक ध्यानात राहील.

स्वाध्याय

१. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या वाहनास थांबण्यास लागणारे अंतर वरील रीतीने काढा.
२. तुमच्या घरातील सायकल, बैलगाडी वा ट्रॉली यांना मागे काय लावले आहे, ते लिहा. त्यात काय कमी आहे ?
३. दोन दुकानांतून मागील दिव्यांच्या व सेलच्या किमती विचारून आणा व तुमच्या वापराप्रमाणे तीन वर्षांचा खर्च काढा.
४. ‘रेडियम’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पट्टीत रेडियम नसते, हे अंधाऱ्या खोलीत कसे दाखवाल ?
५. दिव्याच्या खर्चास नकार देणाऱ्या आजोबांस समजावून सांगणारे दहा ओळींचे पत्र लिहा. पत्रात निदान एक आकडा असावा.